मावशीचा आवाज कितीवर कापावा

तिसरा ट्वीटर गेला तेव्हा घरात पाहुणे होते. त्यामुळे दुःख करायला सवड मिळाली नाही.

ट्वीटर म्हणजे स्पीकरच्या डब्यातला तो वरचा, बारका, बांगडीएवढ्या तोंडाचा गडी. खाली मोठा वूफर असतो, तो जाड सूर सांभाळतो. बारीक सूर बारक्यानं सांभाळायचे. आमचा बारका मात्र सूर सांभाळायच्या आधीच निघून जायचा. पहिला सहाव्या ओवीला गेला, दुसरा तिसऱ्या ओवीला. हा तिसरा तर माझ्या मेव्हण्यासमोर, "आता ऐका बरं का" असं मी म्हटल्यानंतर लगेच. 'टक्' असा आवाज झाला आणि मावशीच्या गळ्यावर कोणी गोधडी टाकावी तसं झालं.

"तीन झाले," माझी बायको प्रभावती चहाचा ट्रे ठेवत म्हणाली. "तेराव्याला कोणाकोणाला बोलवायचं ते आताच ठरवून ठेवा."

मेव्हणा हसला. मी मराठीचा शिक्षक आहे, नववी-दहावीच्या पोरांनी हसण्याची सवय आहे. पण मेव्हण्याचं हसणं वेगळं असतं. ते आठवडाभर अंगाला चिकटून राहतं.

खरी काळजी ट्वीटरची नव्हती. हसनाबादची माझी दैवशालामावशी पंचक्रोशीत ओव्यांसाठी नावाजलेली. लग्नाची हळद दळायची म्हटली की जात्याच्या खुंट्याला हात लावायला बाया मावशीची वाट बघायच्या. दोन वर्षांमागं तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव राहिला, आवाज गेला. आता ती बोलते ते कापसाच्या बोंडातून वारा गेल्यासारखं. आणि आता तिच्या नातीचं, प्रियदर्शनीचं लग्न निघालं. मावशीनं मला बोलावून घेतलं, जवळ बसवलं आणि कानाशी म्हणाली, "कल्याण, तू मागं माझ्या ओव्या फोनात भरून नेल्त्या. पियूच्या हळदीला त्या लाव. सगळ्या आंगणाला ऐकू गेल्या पाह्यजेत. शबूद अन् शबूद. दुसरं काही मागून न्हाई राह्यले."

मी हो म्हणून बसलो. अकरा वर्षांपूर्वी भरून ठेवलेल्या बेचाळीस ओव्या माझ्याकडे होत्या, आणि हळदीला आता चारच दिवस उरले होते.

तुम्ही म्हणाल, मग गावातला डीजे काय वाईट? ते करून पाहिलं होतं. मावशीचा पुतण्या कडूबा डीजेचा टेम्पो चालवतो. दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे चार-चार डबे. त्याच्यावर मी एक ओवी लावून बघितली. छाती हलली, गोठ्यातलं वासरू दोर तोडून पळालं, पण ओवीतली 'माय' काही ऐकू आली नाही. "दादा, बायकांचा आवाज लय बारीक हाये, बेस लावू का?" असं कडूबानं विचारलं. त्याच क्षणी मी ठरवलं की मावशीसाठी डबा आपण स्वतःच बांधायचा. शिकलेल्या माणसाला असे क्षण येतात. त्या वेळी जवळ कोणीतरी समजूतदार असावं लागतं. माझ्याजवळ त्या वेळी फक्त वासरू होतं, आणि तेही पळालेलं.

डब्याचं लाकूडकाम सुताराकडून झालं. राहिला तो क्रॉसओव्हर. जाड सूर खाली, बारीक सूर वर, अशी वाटणी करून देणारी ती एक गाळणी. कुठल्या आकड्यावर वाटणी करायची, हाच सगळा प्रश्न. इथं मी माझी बुद्धी लावली. बाईमाणसाचा आवाज बारीक. मग तो बारक्या स्पीकरातून निघाला पाहिजे. म्हणजे वाटणी जितकी खाली कापू तितकी मावशी जास्त वरच्या स्पीकरात येईल. हे मला इतकं सरळ वाटलं की मी ते कोणाला विचारलंही नाही.

साहित्याला मात्र कोपऱ्यावरच्या राधेश्यामशेठच्या हार्डवेअरमध्ये गेलो. जाड सूर अडवायला शेठनी मोटारपंपाचा दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला. मी तिथंच काउंटरवर फोनवर गणित केलं. ट्वीटर आठ ओहमचा, कपॅसिटर दहाचा, म्हणजे वाटणी जवळपास दोन हजार हर्ट्झवर.

"दोन हजार?" शेठ चष्म्यावरून बघत म्हणाले. "मास्तरजी, काम लगनाचं हाये ना? शुभकार्यात आकडा शून्यावर सोडू नये. दोन हजार एक करा."

"शेठ, हा आहेर न्हाई, हर्ट्झ आहेत."

"हर्ट्झ असू द्या, न्हाईतर काही असू द्या. एक वाढवायला तुमचं काय जाऊन राह्यलं?"

खरंच काही जात नव्हतं. मी घरी येऊन डब्याच्या पाठीवर मार्करनं ठळक '२००१ हर्ट्झ' असं लिहिलं. आणि त्या शुभ आकड्यावर आठवड्याभरात तीन ट्वीटर गेले. चार आणले होते. ट्वीटरवाला दुकानदार म्हणाला, हा नमुना आता पंधरा दिवसांनी येईल. राहिला एक.

एकुलत्या एका ट्वीटरला हात लावायची छाती होईना. म्हणून मी दोष वूफरमध्ये आहे का हे बघायचं ठरवलं. फोनवर एक सूर काढणारं ॲप घेतलं, शंभर हर्ट्झचा सूर लावला, ॲम्प्लिफायर वाढवला आणि दुपारच्या वेळी डब्यापुढे मांडी घालून ऐकत बसलो. असा सूर तुम्ही ऐकलाय का कधी? त्याला ना सुरुवात ना शेवट. भुंग्यानं कमळात बसावं आणि बाहेर यायचं विसरून जावं, तसा. मला तो आवडला. मी अर्धा तास ऐकला.

कॉलनीला तो आवडला नाही. गल्लीच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर आहे. समोरच्यांना वाटलं तोच घोंघावतोय, फुटणार. कोणीतरी तक्रार केली. लाइनमन हरिओम सायकलीवर आला, कान देऊन उभा राहिला, मान हलवली आणि सगळ्या गल्लीची वीज बंद केली. वीज गेल्याबरोबर माझा सूरही थांबला. त्यामुळे हरिओमची खात्रीच पटली की बिघाड ट्रान्सफॉर्मरमध्ये होता आणि त्यानं तो बरोबर धरला. तो वर चढला, दोन तास बोल्ट आवळत राहिला. मी खिडकीतून बघत होतो. खाली जाऊन खरं सांगावं असं तीनदा मनात आलं, तीनदा चप्पल घातली.

शेवटी सांगितलंच. हरिओम काही रागावला नाही. तो फक्त म्हणाला, "सर, मंग तक्रार तुमच्या नावानं बंद करावी लागंन. आपिसात या."

ऑफिसात एक फॉर्म होता. बिघाडाचं कारण: फ्यूज, तार, ट्रान्सफॉर्मर, इतर. मी 'इतर'वर खूण केली. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, इतर असेल तर वेगळ्या कागदावर खुलासा लागतो. मी खुलासा लिहिला: 'मावशीच्या ओव्यांकरिता घरात स्वर लावला होता.' त्यांनी तो वाचला, शेजारच्या टेबलाला दाखवला, त्या टेबलानं पलीकडच्या टेबलाला दाखवला. मी मराठीचा शिक्षक असूनही माझं लेखन एवढ्या लोकांनी एका दिवशी पहिल्यांदाच वाचलं. शेवटी शेरा पडला: 'ग्राहकाचा स्वर. निकाली.'

घरी आलो तर पायरीवर राजानंद बसलेला. आमच्या समोरच राहतो. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये मशिनींची वीज बघतो. रात्रपाळी करून दिवसा झोपलेला माणूस माझ्या सुरानं उठला होता. मी माफी मागायच्या तयारीनं जवळ गेलो.

"सर, तो आवाज शंभरचा व्हता ना?" तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"आमच्या मिलमधी तोच असतोय, ट्रान्सफॉर्मरजवळ. झोपेत मला वाटलं मी ड्यूटीवरच हाये. उठून बूट घालून राह्यल्तो." मग त्यानं दारातून डब्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतली झोप उडाली. "खोलून बघू?"

त्यानं तीन मेलेले ट्वीटर ओळीनं मांडले, एकेकाचं तोंड दाबून पाहिलं. डब्याच्या पाठीवरचा आकडा वाचला. पुन्हा वाचला.

"हा एक कशाचा?"

"राधेश्यामशेठ म्हणाले, शुभ असतो."

"म्हंजी एक हर्ट्झ शुभ आन् खालचे दोन हजार अशुभ. बराबर हाये." त्यानं मला डोळ्यात डोळे घालून विचारलं, "ट्वीटर आठ ओहमचा हाये हे कोणं सांगितलं?"

"त्याच्या खोक्यावर छापलंय."

"सर, ते लगनाच्या बायोडेट्यावानी असतंय. उंची, रंग, पगार, सगळं छापलेलं. पोरगा प्रत्यक्ष बघावा लागतो."

आणि मग त्यानं उरलेला एकुलता ट्वीटर बघायचा कार्यक्रम केला. पोरीवाले येतात तसाच. लॅपटॉप आला, एक जुनी हेडफोनची वायर आली, शंभर ओहमचा एक रेझिस्टर आला. बातमी कशी फुटली माहीत नाही, पण राधेश्यामशेठही आले आणि हरिओमही आला. हरिओम सरकारी कामानं आलोय असं दाखवत दारातच उभा राहिला.

राजानंदनं रेझिस्टरमधून ट्वीटरला बारीकसा सूर सोडला. वीस हर्ट्झपासून निघून वर, वर, वर, चिमणीच्या पलीकडे, जिथं आपले कान संपतात तिथपर्यंत. सूर इतका हळू की आम्ही सगळे श्वास धरून बसलो. रेझिस्टर आणि ट्वीटर यांच्यात विजेचा दाब कसा वाटला जातो, त्यावरून ट्वीटर कुठल्या सुराला किती आडवा येतो हे कळतं. हाच त्याचा इम्पीडन्स. तो एका आकड्याचा नसतोच. प्रत्येक सुराला वेगळा असतो. आपण माणसाला एकच स्वभाव चिकटवतो, तसं आपण याला आठ चिकटवलं होतं.

पडद्यावर रेघ उमटली. सहा-सात ओहमच्या आसपास सपाट माळ, मग एकदम डोंगर, मग उतरून पुन्हा माळ.

"हे काय?" शेठ म्हणाले.

"हा त्याचा स्वतःचा सूर," राजानंद म्हणाला. "सोळाशे. इथं तो आठचा न्हाईच, एकवीसचा हाये. झोक्यावर पोरगं बसलंय आन् तुम्ही त्याच्याच लयीत ढकलून राह्यले, मंग बोटानं ढकललं तरी ते फांदीला जाऊन लागंन. तसा हा सोळाशेला हलतो. इथं याला कोणी ढकलू नये."

"पण मी तर दोन हजारच्या खालचं अडवलं होतं," मी म्हणालो.

"तुमच्या कपॅसिटरला वाटून राह्यलं समोर आठचा पाव्हणा येणार. दारावर उभा केला, हातात काठी दिली. आला एकवीसचा. दारवानानं काठी बगलेत घेतली आन् सलाम ठोकला. शंभरातला नव्वद आवाज आत."

शेठनी खाली मान घातली. हरिओम दारातून आत आला. मी त्या डोंगराकडे बघत होतो. अगदी आपल्या अजिंठ्याकडच्या टेकाडासारखा, एकटा. माझे तीन गडी ह्याच घाटात पडले होते आणि मला घाट आहे हेच ठाऊक नव्हतं.

"मग किती?"

"दुप्पट तं पाह्यजेच. बत्तीसशे. आपण पस्तीसशेवर कापू. आन् नुसता कपॅसिटर न्हाई, संगं एक कॉइल. म्हंजी डोंगराकडं जायचा रस्ताच बंद."

"पस्तीसशे म्हणजे मावशी सगळी खालीच राहणार," माझ्या तोंडून निघालं. "बाईचा आवाज मोठ्या स्पीकरातून? मला तो वरून पाहिजे, बारीक, गोड."

राजानंदनं लॅपटॉप जवळ ओढला. पोरीच्या बापाला मुलगा नापास झालेला कसा सांगावा, असा त्याचा चेहरा. मग त्यानं माझ्या फोनवरची एक ओवी लॅपटॉपवर टाकली आणि तिचे सूर मोजून दाखवले.

"मावशी अडीचशेवर म्हणून राह्यल्या सर. तीनशेला जातात, चारशेला जातात. सारा गळा मोठ्यातच हाये. त्या कधी वर राहतच नव्हत्या."

"मग वर काय राहतं?"

त्यानं खालचं सगळं बंद केलं आणि पस्तीसशेच्या वरचंच वाजवलं. आम्ही वाकून ऐकलं. स, श, च यांची टोकं. दाण्याची कुरकुर. आणि बांगड्या. मावशीच्या हातातल्या काचेच्या बांगड्या, खुंटा फिरला की एकदा, खुंटा फिरला की एकदा.

"बिलकुल साफ," हरिओम हळूच म्हणाला.

प्रभावती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिनं गॅस बारीक केला आणि आत येऊन ऐकायला बसली.

शेठच्या दुकानात पंख्याचा चार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर निघाला. कॉइल मी स्वतः गुंडाळली, मोटार भरायच्या तांब्याच्या तारेची, पाइपच्या तुकड्यावर. दीडशेच्या पुढं वेढे मोजताना दोनदा दूधवाला आला आणि दोनदा मी पहिल्यापासून मोजले. वूफरलाही तसंच मोजून त्याची गाळणी बसवली. राजानंदनं पुन्हा तपासलं. बेचाळीसच्या बेचाळीस ओव्या गच्चीवर मोठ्यानं वाजल्या आणि चौथा ट्वीटर जिवंत राहिला. शेठनी मार्कर मागून घेतला आणि '३५०१' लिहिलं. राजानंद म्हणाला, "लिव्हू द्या सर. आता काही होत न्हाई."

हळदीच्या सकाळी मी डबा मांडीवर घेऊन जीपनं हसनाबादला पोचलो. राजानंदही सुट्टी टाकून आला होता. अंगणात मांडव, मांडवात जातं, जात्याला आंब्याची पानं आणि हळकुंड बांधलेलं. पाच सवाष्णी बसलेल्या. मावशी भिंतीला टेकून, डोक्यावर पदर नीट घेऊन.

कडूबाचे आठ डबे दोन्ही बाजूंना उभे होते. त्यानं माझ्या एका डब्याकडे पाहिलं. "दादा, रांजणावर ठिवा, तेवढाच उंच दिसंन. न्हाई वाजला तं मी हायेच. मागं पोरं खोळंबलीत नाचायला."

मी रांजणावर डबा ठेवला, बटण दाबलं.

*जात्याच्या तोंडामंदी घास घालीते मी ताजा*
*लेकीच्या माघारी गं मुका झाला दरवाजा*

ओवी अंगणाच्या टोकापर्यंत गेली. शब्द अन् शब्द. पलीकडच्या गल्लीतल्या बाया भिंतीवरून डोकावल्या. मी राजानंदकडे पाहिलं, राजानंद ट्वीटरकडे बघत होता. बायांनी खुंटा ओढला. पहिली ओवी गेली, दुसरी गेली, आणि तिसरीला गडबड सुरू झाली. ओवी पुढे, जातं मागे. बाया धापा टाकू लागल्या. एकीचा हात सुटला, हळकुंडाचा खडा जात्याच्या दोन दगडांत अडकला, जातं कचकन थांबलं. ओवी मात्र थांबेना. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. कडूबाचा हात त्याच्या मशिनीकडे गेलेला मी पाहिला.

तेवढ्यात मावशीनं हात वर केला. मी घाईनं बंद केलं. मी ट्वीटरला कान लावला, वायर हलवली, राजानंद स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे आला.

मावशी उठून रांजणाजवळ आली. डब्याकडे जरा वेळ बघत राहिली. "परत लाव एक."

मी लावली. तिनं मोठ्या वूफरला कान दिला. आपला आवाज बाहेरून तिनं जन्मात ऐकला नव्हता.

"कोन हाये ही?"

"तूच, मावशी."

"मी?" ती ऐकत राहिली. "बरी म्हणती. पण घाई करून राह्यली. जवारीवर म्हणती ना ही. जवारी हलकी असती, भरभर पळती. हळद जड. दळणानं बाईमागं न्हाई पळायचं, बाईनं दळणामागं चालायचं."

खरंच, अकरा वर्षांपूर्वी मी गेलो तेव्हा ती ज्वारी दळत होती. हे कुठल्याही लॅपटॉपच्या रेघेत दिसलं नव्हतं. राजानंदनं मान हलवली, पण त्याचे डोळे चमकत होते. "हे मोजायचं राह्यलं सर," तो म्हणाला.

मावशी जात्याजवळ बसली, पाचीजणींच्या मध्ये. "कल्याण, अंगठा ठिव बटनावर. माझ्या बोटाकडं बघ."

मग तिनं बोट उचललं की मी ओवीची एक ओळ सोडायची, बोट टेकलं की थांबवायचं. जात्याचा फेरा पुरा होईपर्यंत ती थांबायची. मग बोट पुन्हा वर. एका फेऱ्याला एक ओळ. मी तीन आठवडे डबा बांधला, तीन ट्वीटर घालवले, गल्लीची वीज घालवली, आणि शेवटी माझं सगळं शिक्षण अंगठ्यावर येऊन बसलं. पण शेवटची ओवी येईपर्यंत एकदाही चुकलो नाही, हे मला नमूद करावंसं वाटतं.

*हळदीच्या हातानं गं लेक टेकली भिंतीला*

बोट टेकलं. जातं फिरलं.

*पाच बोटं पिवळी तिनं ठेवली माझ्या संगतीला*

प्रियदर्शनी पाटावर बसून रडू लागली, बाया दळता दळता डोळे पुसू लागल्या. कडूबा आपल्या डब्यांमधून बाहेर येऊन जमिनीवर बसला. राजानंदजवळ सरकून त्यानं हळूच विचारलं, "कितीवर कापलंय हे?"

"पस्तीसशे एक," राजानंद गंभीरपणे म्हणाला.

हळद संपत आली. शेवटची ओवी झाली. मावशीनं बोट टेकलं, पण माझा अंगठा तोवर सैल पडला होता. ओवीच्या पुढं फोनात काय आहे हे मी कधी नीट ऐकलं नव्हतं. जात्याची घरघर थांबल्याचं ऐकू आलं, बांगड्या मागं सरकल्याचं ऐकू आलं, आणि मग भरल्या, मोकळ्या, अंगणभर आवाजात मावशीच बोलली:

"झालं का रे कल्याण तुझं? मला भाकरी टाकायच्यात."

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. ती डब्याकडे बघत होती, शेजारीण दारात उभी असावी तसं. मग तिनं पदरानं हळदीचे हात पुसले आणि तिच्या त्या वाऱ्यासारख्या आवाजात डब्याला सांगितलं,

"जा बाई, टाक. इकडचं मी बघते."